अमेरिकेतील हायस्कूलचे गणित आणि चुरशीच्या विद्यापीठांतील प्रवेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा नोकरीनिमित्त काही वर्षांसाठी आलेल्या मराठी कुटुंबांकडून मुलांच्या गणिताच्या कोर्सविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. नियम राज्यागणिक, स्कूल डिस्ट्रिक्टगणिक (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातील सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) आणि विद्यापीठागणिक बदलतात. म्हणून अंतिम निर्णयापूर्वी आपल्या शाळेचा कोर्स कॅटलॉग आणि त्या त्या विद्यापीठाने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या अटी अवश्य पाहाव्यात.

हायस्कूलमध्ये गणिताचा क्रम कसा असतो?

महाराष्ट्रात बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी, दोन पुस्तकांतून शिकवतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एका वर्षी एकच शाखा असते : अल्जिब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी) आणि शेवटी कॅल्क्युलस (कलनशास्त्र). हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. त्यामुळे नववीत अल्जिब्रा १ घेणारे मूल बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचते, आठवीत घेणारे बारावीत कॅल्क्युलस करते आणि सातवीत घेणारे अकरावीतच कॅल्क्युलस संपवते. काही डिस्ट्रिक्टमध्ये, विशेषतः कॅलिफोर्नियात, याऐवजी इंटिग्रेटेड मॅथ १, २ आणि ३ असा एकत्रित क्रम असतो आणि त्यात बीजगणित, भूमिती व संख्याशास्त्र दरवर्षी थोडे थोडे येते. प्रवेशासाठी दोन्ही क्रम सारखेच मानले जातात.

या हिशेबाचा परिणाम असा, की बारावीत कॅल्क्युलस घेता येईल की नाही हे मूल पाचवी-सहावीत असतानाच, मिडल स्कूलच्या प्लेसमेंट टेस्टवरून, म्हणजे मुलाला कोणत्या कोर्समध्ये बसवायचे हे पाहणाऱ्या परीक्षेवरून, ठरू लागते. आपल्याकडे खरी निवड दहावीनंतर होते, त्यामुळे नव्याने आलेल्या पालकांच्या हे ध्यानातच येत नाही आणि नववीत कोर्स निवडताना एकदम कळते. मूल पाचवीत गेले की डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ‘मॅथ पाथवे’ नावाचा तक्ता शोधून तो समजून घेणे हे पहिले काम होय.

चुरशीच्या विद्यापीठांना नेमके किती गणित लागते?

लेखी अट आणि प्रत्यक्षातली अपेक्षा यांत अंतर आहे आणि दोन्ही माहीत असायला हव्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो इत्यादी कॅम्पसच्या अटीनुसार गणिताची तीन वर्षे सक्तीची आहेत आणि चौथ्या वर्षाची शिफारस आहे. त्यांत बीजगणिताचे दोन्ही टप्पे आणि भूमिती आलीच पाहिजे आणि प्रत्येक कोर्समध्ये किमान ‘सी’ ग्रेड हवी. सातवी-आठवीत केलेला अल्जिब्रा १ या अटीसाठी धरला जातो, परंतु जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना दहावी आणि अकरावीच्याच ग्रेड मोजल्या जातात. आणखी एक बारकावा असा की वरचा कोर्स केला म्हणून भूमिती वगळल्याची भरपाई तेथे होत नाही. भूमितीचा अभ्यास केलेला दिसावाच लागतो.

एमआयटी कॅल्क्युलसपर्यंतच्या गणिताची शिफारस करते. कॅल्टेकमध्ये पूर्वी एक वर्षाचे कॅल्क्युलस आवश्यकच होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या संस्थेने जाहीर केले की ज्यांच्या शाळेत कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवलेच जात नाही, त्यांना खान अकॅडमी या मोफत शिकवणाऱ्या वेबसाइटवर तो अभ्यास करून नंतरच्या परीक्षेत ९० टक्के किंवा अधिक गुण मिळवून आपली तयारी दाखवता येईल. हार्वर्डची भूमिका याहून वेगळी आहे. चार वर्षे गणित घ्यावे अशी शिफारस करतानाच, कॅल्क्युलस ही प्रवेशाची अटही नाही आणि त्याला झुकते मापही नाही, असे हार्वर्डने स्पष्ट लिहिले आहे. एका विद्यापीठाचा नियम सगळ्यांना लावून चालत नाही, तो यासाठीच.

मग कॅल्क्युलस नसेल तर दार बंद होते का?

इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र किंवा गणिती स्वरूपाचे अर्थशास्त्र शिकायचे असेल आणि शाळेत कॅल्क्युलस उपलब्ध असेल, तर ते न घेता केलेला अर्ज दुबळा ठरतो. इतिहास, भाषा, राज्यशास्त्र अशा विषयांकडे कल असलेल्या मुलासाठी ते अपरिहार्य नाही; पण म्हणून चौथ्या वर्षी गणितच सोडून देणे मात्र कोणत्याही शाखेसाठी चांगले दिसत नाही.

येथे ‘शाळेत उपलब्ध असेल तर’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. अर्जासोबत शाळेकडून ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचा एक कागद जातो. त्यात शाळेत कोणते एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे) कोर्स आहेत, ऑनर्स (नेहमीपेक्षा कठीण पातळीचे) कोर्स किती आहेत, ग्रेड कशा दिल्या जातात हे सगळे असते. अर्ज वाचणारा तो कागद शेजारी ठेवूनच ट्रान्सक्रिप्ट (घेतलेले कोर्स आणि ग्रेड यांची अधिकृत नोंद) वाचतो. ज्या शाळेत प्रीकॅल्क्युलसच्या पुढे काहीच नाही, तेथे प्रीकॅल्क्युलसमध्ये उत्तम ग्रेड मिळवणाऱ्या मुलीची तुलना फ्रीमाँट (कॅलिफोर्निया) किंवा एडिसन (न्यू जर्सी) येथल्या, एपीच्या भरपूर कोर्स असलेल्या शाळेतल्या मुलाशी सरसकट केली जात नाही. मात्र अशा मुलीने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) किंवा ऑनलाइन कॅल्क्युलस घेण्याचा प्रयत्न केला, तर तो तिच्या बाजूने नक्कीच बोलतो.

मुलाने सातवीतच अल्जिब्रा १ घ्यावा का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा त्यामागे शेजारच्या मुलाने घेतला आहे एवढेच कारण असते. उत्तर मुलाच्या तयारीवर अवलंबून आहे आणि ती तयारी घरीच तपासता येते. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, ऋण संख्या, प्रमाण आणि शेकडेवारी हे मूल न अडखळता करते का? शाब्दिक उदाहरण वाचून त्याचे समीकरण स्वतः मांडते का, की मांडलेले समीकरण मिळाल्यावरच सोडवू शकते? उत्तर चुकले तर चूक कुठे झाली हे शोधावेसे त्याला वाटते का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील आणि मुलाला स्वतःला गणिताची आवड असेल, तर सातवीत अल्जिब्रा घेण्यात काही गैर नाही. एरवी आठवीतला अल्जिब्रा पुरेसा आहे, कारण त्या वाटेनेही बारावीत एपी कॅल्क्युलस बीसी (एपीच्या एबी आणि बीसी या दोन कॅल्क्युलस कोर्सपैकी मोठा) घेता येते आणि बहुतेक चुरशीच्या विद्यापीठांची अपेक्षा तेवढ्यावर पूर्ण होते.

घाईची किंमत कोठे मोजावी लागते, हे एका उदाहरणावरून पाहू. कॅल्क्युलसच्या पहिल्याच महिन्यात १/क्ष या फलाचा विकलज (डेरिव्हेटिव्ह) व्याख्येवरून काढायला सांगतात. त्यासाठी १/(क्ष + ह) मधून १/क्ष वजा करायचे आणि आलेल्या वजाबाकीला ह ने भागायचे. समान छेद घेतला की अंशात क्ष − (क्ष + ह) म्हणजे −ह उरतो, तो खालच्या ह बरोबर जातो आणि −१/[क्ष(क्ष + ह)] शिल्लक राहते. मग ह शून्याकडे नेला की −१/क्ष² हे उत्तर मिळते. यात कॅल्क्युलसची पायरी फक्त शेवटची आहे, बाकी सगळे अपूर्णांकांचे बीजगणित आहे. मुले अडतात ती तिथेच, आणि पालक म्हणतात की मुलाला कॅल्क्युलस जड जाते. (क्ष + ३)² चा विस्तार क्ष² + ९ असा लिहिण्याची सवय आठवीत सुटली नाही, तर ती अकरावीत आपोआप सुटत नाही.

अमेरिकेतील गणित शिक्षकांच्या दोन मोठ्या संघटनांनी, म्हणजे मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका आणि नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ मॅथेमॅटिक्स यांनी, २०१२ मध्ये संयुक्त निवेदन काढून हेच सांगितले होते : बारावीपर्यंत कॅल्क्युलस उरकणे हे शालेय गणिताचे अंतिम ध्येय असू नये, कॉलेजच्या गणितासाठी लागणारा पाया घातला जाणे हे ध्येय असावे.

आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये आठवीत अल्जिब्रा देतच नाहीत. काय करावे?

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील डिस्ट्रिक्टने २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्रा बंद करून सर्वांना तो नववीत द्यायचे ठरवले. दशकभर पालकांत आणि शिक्षकांत यावर वाद चालला. २०२४ च्या फेब्रुवारीत शिक्षण मंडळाने तो परत आणण्याचा निर्णय घेतला आणि मार्चमधल्या मतदानात नागरिकांनीही मोठ्या बहुमताने त्याच बाजूने कौल दिला. अशा ठिकाणी मधल्या वर्षांत जे मार्ग वापरले गेले, तेच इतरत्रही उपलब्ध असतात : नववीत अल्जिब्रा आणि जॉमेट्री एकाच वेळी घेणे, अल्जिब्रा २ आणि प्रीकॅल्क्युलस एकत्र असलेला कोर्स घेणे, किंवा मान्यताप्राप्त संस्थेतून एखादा कोर्स बाहेर करणे. बाहेर केलेला कोर्स शाळा ट्रान्सक्रिप्टवर घेईल का, आणि पुढच्या कोर्सला बसू देईल का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. काउन्सिलरने (कोर्स निवडीबाबत सल्ला देणाऱ्या शाळेतील अधिकाऱ्याने) तोंडी दिलेला होकार पुढच्या वर्षी नवा काउन्सिलर आल्यावर उपयोगी पडत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जॉमेट्री उरकून टाकावी का?

एक वर्ष वाचवण्यासाठी हा मार्ग मराठी घरांत फार लोकप्रिय आहे. वर्षभराचा विषय पाच-सहा आठवड्यांत, रोज काही तास बसून संपवतात. माझे मत असे की जॉमेट्री हा या पद्धतीने शिकण्यासाठी सर्वांत वाईट विषय आहे. संपूर्ण शालेय गणितात सिद्धता लिहायला शिकण्याची ही जवळजवळ एकमेव जागा आहे. अर्धवर्तुळात आंतरलिखित केलेला कोन काटकोन असतो, हे मूल पाठ करू शकते. पण केंद्रापासून त्रिज्या काढून दोन समद्विभुज त्रिकोण दिसणे, त्यांच्या पायाचे कोन समान म्हणून मांडणे आणि तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश यावरून निष्कर्षापर्यंत येणे, हे स्वतः सुचायला काही दिवस त्या आकृतीशी झगडावे लागते. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये तेवढी उसंत नसते आणि मुले सूत्रे घेऊन बाहेर पडतात.

तरीही वर्ष वाचवणे आवश्यकच असेल, तर कोणता विषय सुट्टीत करायचा हे वरच्या इयत्तेच्या शिक्षकांना विचारून ठरवावे. ज्या मुलांनी भारतात आठवी-नववीची भूमिती प्रमेयांसह केली आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी उन्हाळी जॉमेट्री ही उजळणी ठरते आणि ती खुशाल घ्यावी.

भारतात दहावीपर्यंत शिकून आलेल्या मुलाला कोणत्या कोर्समध्ये बसवावे?

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीत गणित भाग १ आणि भाग २ अशा ४०-४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी येते. भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन येते. म्हणजे अमेरिकेतला अल्जिब्रा १ आणि जॉमेट्री जवळपास पूर्ण, आणि अल्जिब्रा २ चा काही भाग झालेला असतो. राहिलेले असते ते घातांकी फल, लॉगॅरिदम, संमिश्र संख्या, बहुपदींचे आलेख आणि अंशांऐवजी रेडियनमध्ये कोन मोजणे, कारण आपल्याकडे हे विषय प्रामुख्याने अकरावीत येतात.

अडचण कागदपत्रांची होते. गुणपत्रिकेवर केवळ ‘गणित’ असा शब्द असतो आणि अमेरिकेतल्या काउन्सिलरला त्यावरून काहीच कळत नाही. अशा वेळी मुलाला जॉमेट्रीत बसवल्याची उदाहरणे पाहण्यात आहेत. म्हणून निघण्यापूर्वीच शाळेकडून आठवी, नववी आणि दहावीच्या गुणपत्रिका शिक्क्यासह घ्याव्यात. दोन्ही पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकांचे इंग्रजी भाषांतर करून त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यावी. इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजी माध्यम असेल तर इंग्रजी पुस्तकाची अनुक्रमणिकाच पुरते. अमेरिकेत पोहोचल्यावर प्लेसमेंट टेस्टची मागणी स्वतःहून करावी. परीक्षेआधी तीन-चार आठवडे लॉगॅरिदम आणि फलांचे आलेख यांचा अभ्यास केला, तर चांगली तयारी असलेले मूल ऑनर्स अल्जिब्रा २ किंवा प्रीकॅल्क्युलसमध्ये बसू शकते.

एका गोष्टीची तयारी घरी करून घ्यावी. भारतात गणिताच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर नसतो. येथे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर रोजच्या वर्गात वापरतात आणि एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेचा काही भाग त्याच्याशिवाय सोडवताच येत नाही. आकडेमोडीत तरबेज असलेली आपली मुले पहिल्या सहामाहीत नेमकी या यंत्रापाशी वेळ घालवून बसतात.

प्रीकॅल्क्युलस साधे घ्यावे, ऑनर्स की एपी?

एपी प्रीकॅल्क्युलस हा कोर्स २०२३ च्या शैक्षणिक वर्षात सुरू झाला आणि त्याची पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. ज्या शाळेत ऑनर्स प्रीकॅल्क्युलस आधीपासून कसून शिकवले जाते, तेथे केवळ ‘एपी’ या दोन अक्षरांसाठी ते सोडण्याचे कारण नाही. पुढे बीसी घ्यायचे असेल, तर त्या शाळेतली बीसीची मुले कोणत्या वर्गातून येतात हे विचारावे आणि तोच वर्ग घ्यावा.

कॅल्क्युलस एबी आणि बीसी यांत कोणते निवडावे?

एबीचा अभ्यासक्रम साधारण कॉलेजच्या एका सत्राइतका आणि बीसीचा दोन सत्रांइतका असतो. बीसीमध्ये एबीचे सर्व काही येते आणि त्याशिवाय अनंत श्रेढी, टेलर बहुपदी, पॅरामेट्रिक आणि ध्रुवीय समीकरणे, खंडशः संकलन हे विषय येतात. बीसीची परीक्षा दिली की एबीच्या भागाचा स्वतंत्र गुणही कळवला जातो. काही शाळांत आधी एबी आणि पुढच्या वर्षी बीसी असा क्रम आहे, काही ठिकाणी प्रीकॅल्क्युलसनंतर थेट बीसी घेता येते. मूल अकरावीत प्रीकॅल्क्युलस करत असेल आणि त्यात त्याला भक्कम ‘ए’ मिळत असेल, तर थेट बीसी घ्यावे. ‘बी’वर अडखळत असेल तर एबी नीट करणे अधिक शहाणपणाचे आहे, कॉलेजात पहिल्या सत्रापासून पुन्हा कॅल्क्युलस घेणारी मुले पुष्कळ असतात आणि त्यात कमीपणा नाही.

वेळापत्रकाची एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. एपीच्या परीक्षा मे महिन्यात होतात आणि निकाल जुलैत लागतो, तर प्रवेशाचे निर्णय मार्चअखेरपर्यंत आलेले असतात. त्यामुळे बारावीत दिलेल्या बीसीच्या परीक्षेचा प्रवेशावर परिणाम होत नाही; प्रवेशाच्या वेळी दिसते ते कोर्स घेतल्याचे आणि पहिल्या सहामाहीची ग्रेड. परीक्षेच्या गुणांचा उपयोग क्रेडिटसाठी होतो. एमआयटीत बीसीला ५ गुण मिळाले तर पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसचे क्रेडिट मिळते. इतर संस्थांचे नियम निरनिराळे आहेत.

कॅल्क्युलसऐवजी स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्स चालेल का?

एपी स्टॅटिस्टिक्स हा उत्तम कोर्स आहे आणि जीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांकडे जाणाऱ्या मुलांना तो प्रत्यक्ष कामाला येतो. मात्र इंजिनिअरिंगच्या इच्छुकाने तो कॅल्क्युलसच्या जोडीला घ्यावा, त्याच्या जागी घेऊ नये.

डेटा सायन्सच्या बाबतीत जपून राहावे. कॅलिफोर्नियात अल्जिब्रा २ ला पर्याय म्हणून हायस्कूलचे डेटा सायन्स घेता येईल, असा समज काही काळ पसरला होता. जुलै २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या प्रवेश समितीने असे कोर्स अल्जिब्रा २ ची जागा घेऊ शकत नाहीत असा निर्णय दिला. अल्जिब्रा २ पूर्ण केल्यावर चौथा कोर्स म्हणून कोणी ते आवडीने घेत असेल तर हरकत नाही. अल्जिब्रा २ टाळण्यासाठी घेतले, तर पुढे विज्ञानाच्या आणि वाणिज्याच्या कितीतरी वाटा मुलाच्या नकळत बंद होतात, आणि पंधराव्या वर्षी ते त्याला कोणी सांगत नाही याचे वाईट वाटते.

अकरावीतच बीसी संपले. बारावीत काय घ्यावे?

गणिताशिवायचे बारावीचे वर्ष ट्रान्सक्रिप्टवर चटकन डोळ्यात भरते आणि कॉलेजच्या पहिल्या सत्रात हातही गंजलेला असतो. शाळेत मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस किंवा लिनिअर अल्जिब्रा असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर कम्युनिटी कॉलेजमध्ये ड्युअल एनरोलमेंट, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या कोर्सला प्रवेश, घेता येते. सिलिकॉन व्हॅलीतील डी अँझा आणि फुटहिल, न्यू जर्सीतील एडिसनचे मिडलसेक्स कॉलेज ही मराठी वस्त्यांच्या जवळची उदाहरणे. डी अँझा आणि फुटहिल येथे वर्ष क्वार्टरमध्ये विभागलेले असते. त्यामुळे एक कोर्स सुमारे तीन महिन्यांत संपतो आणि वेग हायस्कूलच्या मानाने बराच असतो. कॉलेजात मिळालेली ग्रेड मुलाच्या कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर राहते आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशातही ती दाखवावी लागते; म्हणून फुटबॉलचा सीझन, रोबोटिक्स आणि अर्जांचे निबंध एकाच वेळी चालू असताना असा कोर्स घेण्याआधी वेळेचा हिशेब मांडावा.

एपी स्टॅटिस्टिक्स हाही या ठिकाणी पूर्णपणे सन्मान्य पर्याय आहे.

ऑनर्समध्ये ‘बी’ चांगली की साध्या कोर्समध्ये ‘ए’?

ऑनर्समध्ये ‘ए’, असे उत्तर प्रवेश अधिकारी माहितीसभांत हसत हसत देतात आणि त्याने पालकांचे समाधान होत नाही. एखाददुसरी ‘बी’ कठीण कोर्समध्ये आली म्हणून अर्ज कोसळत नाही. पण अल्जिब्रा २ ऑनर्समध्ये ‘बी’, प्रीकॅल्क्युलस ऑनर्समध्ये ‘बी वजा’ आणि मग बीसीत ‘सी’ अशी उतरती भाजणी दिसली, तर मुलाला झेपेल त्यापेक्षा वरच्या वर्गात ढकलले गेले आहे हे वाचणाऱ्याला कळते. पहिली ‘बी’ आली तेव्हाच शिक्षकांशी बोलावे. चाचणीचे तपासलेले पेपर घेऊन बसावे आणि चुका आकडेमोडीच्या आहेत की संकल्पनेच्या, हे पाहावे. तीन पेपर शेजारी ठेवले की उत्तर बहुधा समोर असते.

जीपीएच्या वाढीव गुणांसाठी कोर्स निवडण्याचा फारसा फायदा नाही. अनेक विद्यापीठे आपापल्या पद्धतीने जीपीए पुन्हा मोजतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात ऑनर्स-एपीचे वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरतेच धरले जातात.

आयबीच्या शाळेत कोणते गणित घ्यावे?

आयबीत (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात) २०१९ पासून दोन कोर्स आहेत, ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस आणि ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन, आणि दोन्ही स्टँडर्ड व हायर अशा पातळ्यांवर घेता येतात. इंजिनिअरिंग, भौतिकशास्त्र, गणित यांसाठी ॲनालिसिसची हायर लेव्हल घ्यावी.

सॅट आणि गणिताच्या स्पर्धा यांचे स्थान काय?

सॅट ही कॉलेज प्रवेशासाठीची प्रमाणित परीक्षा आहे आणि तिच्या गणितात कॅल्क्युलस नसतेच. २०२४ पासून अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर होते. गणिताचे ४४ प्रश्न प्रत्येकी ३५ मिनिटांच्या दोन भागांत येतात आणि त्यांतला मोठा वाटा बीजगणिताचा असतो. म्हणजे आठवी ते दहावीतला पाया पक्का असेल, तर सॅटसाठी वेगळ्या क्लासची गरज फार कमी पडते. एमआयटीने मार्च २०२२ मध्ये आणि हार्वर्ड व कॅल्टेकने एप्रिल २०२४ मध्ये सॅट किंवा एसीटी (सॅटसारखीच दुसरी प्रवेश परीक्षा) पुन्हा सक्तीची केली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेशासाठी हे गुण पाहतच नाही. गणिताची सॅट सब्जेक्ट टेस्ट २०२१ मध्ये बंद झाली. जुन्या सल्ल्यांत तिचा उल्लेख आढळला तर तो सोडून द्यावा.

स्पर्धांमध्ये एएमसी (अमेरिकन मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन्स) १० आणि १२ या प्रमुख आहेत : ७५ मिनिटांत २५ प्रश्न. त्यांत चांगले गुण मिळवणाऱ्यांना एआयएमई या पुढच्या फेरीच्या परीक्षेला बसता येते. तेथे तीन तासांत १५ प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर ० ते ९९९ मधली पूर्ण संख्या असते. एमआयटीच्या अर्जात हे गुण नोंदवण्याची सोय आहे. तरीही स्पर्धा प्रवेशासाठी आवश्यक नाहीत. ज्या मुलाला शाळेचे गणित सोपे वाटते आणि कंटाळा येतो, त्याला एक वर्ष पुढे ढकलण्याआधी एएमसीची जुनी प्रश्नपत्रिका देऊन पाहावी. तेच बीजगणित, तीच भूमिती, पण विचार करायला लावणारी. अशा मुलाला बहुधा खोलीची भूक असते आणि आपण त्याला वेग देत राहतो.

अर्ज पाठवल्यावर बारावीचा गणिताचा कोर्स बदलता किंवा सोडता येतो का?

शाळेच्या नियमाने येत असला, तरी विद्यापीठाला न कळवता तसे करू नये. अर्जात बारावीचे कोर्स लिहिलेले असतात आणि प्रवेश त्या कोर्सवर आधारलेला असतो. पहिल्या सहामाहीच्या ग्रेड शाळा कळवते आणि शेवटचे ट्रान्सक्रिप्ट जूनमध्ये जाते. बीसी सोडून साधा कोर्स घेतला, किंवा शेवटच्या सहामाहीत ‘डी’ आली, तर दिलेला प्रवेश मागे घेतला जाऊ शकतो. बदल खरोखर आवश्यक असेल, आजारपण असेल किंवा शाळेने कोर्सच रद्द केला असेल, तर काउन्सिलरशी बोलून प्रवेश कार्यालयाला कारणासह थोडक्यात ईमेल लिहावी आणि लेखी उत्तर आल्यावरच शाळेच्या फॉर्मवर सही करावी. ही ईमेल मुलाने स्वतः लिहावी. पालकांनी त्याच्या नावाने लिहू नये.